ठाण्यात जुना फ्रीज, स्प्लिट एसी आणि डब्बा टीव्ही रिसायकलिंगला दिला : घरी येणाऱ्या ई-कचरा पिकअप सेवेचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. सेवा चांगली आहे, ५ पैकी ४. एक मार्क कापला कारण पैसे उशिरा आले आणि सर्टिफिकेटसाठी मागे लागावं लागलं. भंगारवाल्यापेक्षा पैसे कमीच मिळतात हेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे फक्त रेट बघायला आलेल्यांचा वेळ वाचेल. तरीसुद्धा पुढच्या वेळी मी इथेच देणार, आणि का देणार ते सांगण्यासाठीच एवढं लिहायला बसलेय, कारण आमच्या घोडबंदर रोडला दर पाडव्याला आणि दर दिवाळीला घराघरात नवीन फ्रीज-एसी येतात, नव्याचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडतात, आणि जुना कुठे गेला हे कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की फ्रीज आणि एसी घरातून अख्खा गेला पाहिजे, आतल्या गॅससकट, आणि तो जिथे पोचला तिथली पावती आपल्या हातात आली पाहिजे. कोण नेतो आणि किती देतो ते नंतर.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. रबाळे एमआयडीसीतली आहे, पण ठाणे-नवी मुंबईत अशा आणखीही आहेत आणि प्रत्येकाच्या परवान्याला मुदत असते, आज यादीत आहे म्हणजे दोन वर्षांनी असेलच असं नाही, त्यामुळे नुसतं नाव वाचून कुणी फोन करण्यापेक्षा शोधायचं कसं ते सांगितलेलं बरं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ई-कचऱ्याचं पोर्टल आहे, तिथे नोंदणी झालेल्या रिसायकलर्सची यादी मिळते, त्यात महाराष्ट्रातले बघायचे, आपल्या जवळचा पत्ता शोधायचा आणि सरळ फोन लावायचा. नोंदणी नंबर मागायचा. ज्यांची नोंदणी आहे ते लगेच व्हॉट्सॲपवर पाठवतात. 'आमचं टायअप आहे', 'आम्ही कलेक्शन करतो, पुढे जातं' असं काही बोलायला लागले तर पुढे कुठे जातं ते विचारा आणि त्या पुढच्याचा नंबर मागा. मला एका ठिकाणी 'मॅडम तुम्हाला काय करायचंय, माल उचलला की झालं ना' असं उत्तर मिळालं, तिथे मी फोन ठेवला.

आमच्याकडचा माल असा होता. २००८ साली घेतलेला डबल डोअर फ्रीज, कूलिंग गेलेलं आणि दाराचं रबर पूर्ण सैल. दीड टनाचा स्प्लिट एसी, चालू होता पण बिल फार यायचं. सासऱ्यांच्या वेळचा २१ इंची ट्यूबवाला टीव्ही, जो माळ्यावर वर्षानुवर्षं पडून होता आणि उतरवायलाच दोन माणसं लागली. शिवाय मिक्सरचं भांडं नसलेलं बूड, एक इस्त्री, इन्व्हर्टरचं जळकं सर्किट, जुन्या वॉटर प्युरिफायरची बॉडी आणि माळ्याच्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या ट्यूबलाइट.

दुकानात आधी एक्स्चेंज विचारलं, कारण तेच सगळ्यात सोपं असतं, नवा येतो आणि तोच टेम्पो जुना घेऊन जातो. फ्रीजचे दीड हजार कमी करतो म्हणाले. मी विचारलं की जुना जातो कुठे, तर सेल्समन म्हणाला गोडाऊनला. आणि गोडाऊनमधून? तिथे लॉटमध्ये विकला जातो, घेणारे ठरलेले असतात. म्हणजे भंगारवालाच, फक्त मोठा. त्या मुलाला दोष नाही, त्याला खरंच माहीत नव्हतं. आणि कायद्यानेही मुख्य जबाबदारी दुकानाची नाही, वस्तू बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीची आहे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झालेत (२०२२ चे नियम म्हणतात त्यांना, नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाले), त्यांच्या यादीत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत, फ्रीज, एसी, वॉशिंग मशीन, टीव्ही सगळं आलं त्यात. कंपन्यांनी पूर्वी विकलेल्या मालाच्या हिशोबात ठरावीक टक्के माल रिसायकल झाल्याची प्रमाणपत्रं नोंदणीकृत रिसायकलरकडून घ्यायची असतात, २०२३-२४ साठी ६० टक्के, २०२५-२६ पासून ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. म्हणजे तुमचा फ्रीज नोंदणी असलेल्या ठिकाणी पोचला तरच तो या हिशोबात मोजला जातो. शीळफाट्याच्या एखाद्या शेडमध्ये फुटला तर कुठेच मोजला जात नाही. जगभरात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, बाकीच्याचं काय झालं त्याची नोंदच नाही, तर ही नोंद म्हणजे नुसती कागदपत्रांची हौस नव्हे.

बऱ्याच ब्रँडच्या वेबसाइटवर ई-कचऱ्याचं पान असतं आणि टोल फ्री नंबर दिलेला असतो, तोही मार्ग आहे. मी आमच्या फ्रीजच्या कंपनीला फोन केला होता, त्यांनी तक्रार नंबरसारखा नंबर दिला आणि मग शांतता. तुम्हाला कदाचित चांगला अनुभव येईल, करून बघायला हरकत नाही.

भंगारवाल्याचा रेट पण घेतला. तो टेम्पोवर भोंगा लावून फिरतो तो नव्हे, आमच्या नाक्यावरचाच, ओळखीचा. फ्रीजचे बाराशे, एसीचे पाच हजार, टीव्ही 'असाच उचलतो, त्याला आता कोण विचारतो'. एसीला एवढे का तर आत तांबं असतं. रिसायकलरने फोनवर फ्रीजचे सातशे आणि एसीचे छत्तीसशे सांगितले, टीव्हीचे काही नाहीत, बारीकसारीक वस्तू किलोवर. म्हणजे जवळपास दोन हजारांचा फरक. घरात यावर बोलणं झालं, ह्यांचं म्हणणं की दोन हजार म्हणजे नव्या एसीच्या इन्स्टॉलेशनचे निघाले असते, आणि ते चूक नाही. ज्याला या पैशांची गरज आहे त्याने काय करावं हे मी सांगणार नाही. पण ज्यांना परवडतं त्यांनी तरी हा फरक कशाचा आहे ते समजून घ्या.

फरक मुख्यतः गॅसचा आहे. भंगारात फ्रीज गेला की पहिलं काम काय होतं, कॉम्प्रेसरची नळी पकडीने कापतात. फुस्स आवाज येतो आणि आतला सगळा गॅस हवेत. मग कॉम्प्रेसर वेगळा, तांब्याच्या नळ्या वेगळ्या, पत्रा वेगळा. गॅस धरून ठेवायला मशीन लागतं, सिलिंडर लागतो, वेळ लागतो, आणि भंगारात त्याला काहीच किंमत मिळत नाही, त्यामुळे जो ते करतो तो तुम्हाला कमी पैसे देणार हे उघड आहे. आमच्या फ्रीजच्या मागच्या स्टिकरवर आर-१३४ए लिहिलं होतं. हा गॅस किलोला किलो धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट वातावरण तापवतो, शंभर वर्षांच्या हिशोबाने. घरच्या फ्रीजमध्ये तो शंभर-सव्वाशे ग्रॅमच असतो म्हणून फार वाटत नाही. एसीचं मात्र ऐका. आमच्या एसीच्या आऊटडोअर युनिटवर आर-२२ लिहिलं होतं आणि खाली गॅसचं वजन, साधारण एक किलो. आर-२२ चा आकडा १,८१० आहे. म्हणजे तो एक किलो सोडून दिला तर पावणेदोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं, आणि एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण २.३ किलो निघतो, तर हिशोब करा, पावणेआठशे लिटर पेट्रोल. एका दुपारी, एका नटातून. वर हा गॅस ओझोनच्या थराला पण खातो, म्हणूनच ओझोन वाचवायच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार या जातीचे गॅस २०३० पर्यंत बंद करत आणायचे आहेत, त्याच्या आधीचे सीएफसी जातीचे गॅस तर आपल्याकडे २०१० च्या सुरुवातीलाच बंद झाले. नव्या एसीत बहुतेक आर-३२ येतो, त्याचा आकडा ६७५, कमी आहे पण शून्य नाही. नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, तो तापवण्याच्या बाबतीत अगदीच सौम्य आहे पण पेट घेतो, त्यामुळे पुढच्या पिढीचे फ्रीज भंगारात गेल्यावर जो पोरगा ग्राइंडर लावून नळी कापेल त्याच्या जिवाला धोका आहे. हे मला जास्त लागलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि रिसायकलर कितीही चांगला असला तरी हे आपल्याच हातात असतं. स्प्लिट एसी काढायला जो टेक्निशियन येतो तो बहुतेक वेळा नव्या एसीवाल्यांचा असतो आणि घाईत असतो. जुना भंगारातच जाणार आहे म्हटल्यावर तो सरळ पाना लावून नट सैल करतो आणि गॅस बाल्कनीतच सोडतो. म्हणजे रिसायकलरच्या दारात रिकामा एसी जातो, मग काय उपयोग. त्याला आधीच सांगायचं की 'दादा, पंप डाऊन करून काढा'. हा शब्द सगळ्या टेक्निशियनना माहीत असतो कारण घर बदलताना ते हेच करतात. एसी कूलिंगवर चालू ठेवायचा, आऊटडोअरच्या बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा, मग कॉम्प्रेसर नळ्यांमधला आणि इनडोअरमधला गॅस ओढून आऊटडोअरमध्ये जमा करतो, थोड्या वेळाने जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद आणि लगेच एसी बंद. गॅस आऊटडोअर युनिटमध्ये कोंडला जातो. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. अट एकच, एसीचा कॉम्प्रेसर चालू पाहिजे, म्हणून एसी पूर्ण बंद पडायची वाट बघत बसू नका. आमच्याकडे आलेला मुलगा आधी म्हणाला, 'ताई कशाला, हा तर स्क्रॅपला चाललाय.' मी म्हटलं, स्क्रॅपलाच चाललाय पण गॅस काढून घेणार आहेत तिथे, तुमचे वेगळे पैसे देते. त्याने एका शब्दाने वाद घातला नाही, नीट केलं, आणि जाताना स्वतःहून दोन्ही पितळी टोप्या घट्ट बसवून गेला. विंडो एसी असेल तर एवढं काही करावं लागत नाही, त्याचा गॅस आतच सील असतो, फक्त खिडकीतून काढताना मागच्या नळ्यांना धक्का लागू द्यायचा नाही.

बुकिंग फोनवर झालं आणि इथेच मला या लोकांबद्दल विश्वास वाटला. पहिला प्रश्न होता, 'कॉम्प्रेसर जागेवर आहे ना?' दुसरा, 'कुणी रिपेअरवाल्याने उघडलाय का? गॅस आहे का आत?' मॉडेल, कितव्या मजल्यावर, लिफ्टमध्ये मावतो का, सोसायटीत टेम्पो आत येऊ देतात का, हे सगळं विचारलं, फोटो मागवले. फ्रीज आदल्या रात्री बंद करून पाणी काढून ठेवा, उभाच ठेवा, आडवा करू नका, असं सांगितलं. एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही ती मी सांगते. फ्रीज खाली पार्किंगमध्ये किंवा पॅसेजमध्ये आणून ठेवणार असाल तर दाराला दोरी किंवा रुंद चिकटपट्टी गच्च लावा. लहान मुलं लपाछपीत आत शिरतात, जुन्या फ्रीजचं दार आतून उघडत नाही, अशाने जीव गेलेले आहेत. वॉचमनलाही सांगून ठेवा.

पिकअपच्या दिवशी सकाळची वेळ दिली होती, आले दुपारी उशिरा. घोडबंदरला गायमुखाकडून ट्रॅफिक होतं म्हणे, असेलही, इथे राहणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको, पण एक फोन करायला हवा होता, मी अर्धा दिवस घरात अडकले. छोटा हत्ती घेऊन आले, ड्रायव्हर आणि दोन माणसं. हातमोजे होते, पट्टे होते, फ्रीज ट्रॉलीवर उभाच नेला, एसीचं आऊटडोअर पण उभंच. डिजिटल काटा बरोबर होता, एकेक वस्तू समोर वजन करून फॉर्मवर लिहिली. ट्यूबलाइट बघून ड्रायव्हर थांबला, म्हणाला या अशा सुट्ट्या नाही नेता येणार, खोकं द्या. ट्यूबमध्ये पारा असतो, फुटली की हवेत. नव्या फ्रीजचं खोकं होतंच, त्यात पेपर कोंबून दिल्या. भंगारवाला ट्यूब घेत नाही आणि घंटागाडीत सुक्या कचऱ्यात टाकली की ती दाबाखाली फुटणारच, तेव्हा ही सोय मला फार मोलाची वाटली.

वजनाची पावती तिथल्या तिथे दिली. पैसे मात्र 'प्लांटवर तपासून अकाउंटला येतील' म्हणाले. ते आले, ठरले तेवढेच आले, पण बऱ्याच दिवसांनी आणि दोनदा आठवण केल्यावर. भंगारवाला हातात रोकडा देतो, तिथे हे लोक कमी पडतात. ज्यांना वाटतं लोकांनी भंगारवाल्याऐवजी आपल्याकडे यावं, त्यांनी निदान टेम्पोपाशीच यूपीआय करायला हवं, ही काही अवघड गोष्ट नाही.

मी प्लांट बघायला जाऊ का विचारलं तर हो म्हणाले. हे विचारून बघाच, जो दाखवायला तयार होतो तो बहुतेक नीट काम करत असतो. विटावा, दिघा, ऐरोली करत ठाणे-बेलापूर रोडने रबाळ्याला गेले. मोठी शेड, बाहेर वजनकाटा, आत एका बाजूला फ्रीजच्या उभ्या रांगा. चाललेलं काम नीट बघितलं. फ्रीजच्या कॉम्प्रेसरजवळच्या नळीला एक टोचणारी पकड लावतात, तिला होजपाइप, तो रिकव्हरी मशीनला, आणि तिथून गॅस सिलिंडरमध्ये. सिलिंडर काट्यावर ठेवलेला असतो, किती ग्रॅम आला ते दिसतं. त्यानंतरच कॉम्प्रेसर सुटा करतात, त्यातलं तेल एका पिंपात निथळतं, मग कॉम्प्रेसरचं कवच कापून आतलं तांबं. जाळ्या, पत्रा, प्लॅस्टिक, काच, दाराचं लोहचुंबकवालं रबर, सगळ्याचे वेगळे ढीग. सर्किट बोर्ड वेगळ्या पिशव्यांत, ते इथे फोडत नाहीत, धातू काढणाऱ्या दुसऱ्या प्लांटला जातात. बोर्डवरचं सोनं-तांबं काढायला आपल्या आसपास छोट्या शेडमध्ये ॲसिड वापरतात आणि वायरवरचं प्लॅस्टिक जाळून टाकतात. पीव्हीसी असं उघड्यावर जळालं की डायॉक्सिन तयार होतं. ते जाळणाऱ्याच्या छातीत जातं आणि उरलेलं खाडीत, आणि आपली ठाण्याची खाडी म्हणजे फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, तिचं कौतुक आपण करतो तर हेही बघायला हवं.

टीव्हीचं काम बघताना मी बराच वेळ थांबले. डब्बा टीव्हीच्या काचेत दोन भाग असतात, पुढचा पडदा आणि मागचं नरसाळं, आणि मागच्या भागाच्या काचेत शिसं असतं, एका टीव्हीत किलो-दोन किलोच्या घरात. जोडावर गरम तार फिरवून ते दोन भाग अलग करतात आणि पडद्याच्या आतली पावडर व्हॅक्यूमने ओढून घेतात, हाताने पुसत नाहीत. तिथल्या माणसाने मास्क नीट घातला होता. नाक्यावरच्याने हाच टीव्ही 'असाच उचलतो' म्हटला होता, त्याला त्यातला मागचा तांब्याचा कॉइल तेवढा हवा असतो, काच मग कुठेतरी नाल्याकाठी जाते आणि शिसं तिथेच राहतं.

एक गोष्ट मला पटली नाही आणि ती मी तिथेही बोलले. फ्रीजच्या भिंतीत जो पिवळट फोम असतो तो फुगवायलाही गॅस वापरलेला असतो, जुन्या फ्रीजमध्ये तर तो कूलिंगच्या गॅसपेक्षा जास्त भरतो. तो पकडायचा तर फ्रीजची बॉडी बंद यंत्रात दळावी लागते. इथे तसं यंत्र नव्हतं, फोम हाताने सोलून गोण्यांत भरत होते आणि तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या प्रकल्पाकडे पाठवतो म्हणाले. सुपरवायझरने झाकून ठेवलं नाही, यंत्र महाग आहे, माल तेवढा येत नाही म्हणून परवडत नाही असं स्पष्ट सांगितलं. माल येत नाही कारण तो आपण भंगारात देतो. मला हे उत्तर अर्धंच पटलं, पण नाल्यात टाकण्यापेक्षा किंवा जाळण्यापेक्षा ते खूप बरं आहे.

भंगारवाल्यांबद्दल वाईट बोलायचा माझा हेतू नाही, ते स्पष्ट करते. रद्दी, पत्र्याचे डबे, लोखंडी कपाट, अल्युमिनियमचा कुकर, सायकल, हे सगळं मी अजूनही नाक्यावरच्यालाच देते आणि देत राहीन. वस्तू पुन्हा वापरात आणण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही, चालू वॉशिंग मशीन असेल तर ते दुरुस्त करून विकतात आणि एखाद्या घराला स्वस्तात मिळतं, ते तर रिसायकलिंगपेक्षा चांगलं. फक्त फ्रीज, एसी, डब्बा टीव्ही, ट्यूब-सीएफएल, बॅटऱ्या आणि सर्किट असलेल्या वस्तू, एवढ्या त्यांच्याकडे नकोत, कारण त्या फोडण्यात त्यांच्याच अंगाला अपाय आहे. मायक्रोवेव्ह पण नको. त्यात एक कपॅसिटर असतो जो प्लग काढल्यावरसुद्धा चार्ज धरून ठेवू शकतो, माहिती नसलेल्याने उघडला तर जबर शॉक बसतो.

आणि चालू असलेला जुना फ्रीज 'कामवाल्या मावशींना देऊन टाकू' हे मला चांगलं वाटत नाही. रबर गेलेला, दिवसभर कॉम्प्रेसर चालणारा फ्रीज दिला की आपण त्यांच्या घरी विजेचं बिल पाठवतो. तीन-चार वर्षांचा चांगल्या स्थितीतला असेल, स्टार लेबल असेल, तर जरूर द्या. पंधरा-सोळा वर्षांचा नको.

नेरुळला माझी धाकटी बहीण राहते, माझं बघून तिने त्याच सेवेला फ्रंट लोड वॉशिंग मशीन दिलं. तिची बिल्डिंग सिडकोची, लिफ्ट नाही, वरचा मजला. तिला मजल्यामागे उतरवण्याचे पैसे कापून घेतले आणि हे फोनवर तिला आधी नीट सांगितलं नव्हतं, तेव्हा बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये असाल तर आधीच विचारून घ्या. फ्रंट लोड मशीन उचलायला इतकं जड का असतं तर आत काँक्रीटचा ठोकळा असतो, स्पिन करताना मशीन नाचू नये म्हणून. त्याला भंगारात भाव नाही, त्यामुळे तिच्या सेक्टरमध्ये नाल्याच्या कडेला असे ठोकळे पडलेले तिने दाखवले. मशीन कुठे गेलं ते त्यावरून कळतं.

सर्टिफिकेट ईमेलवर आलं, मागितल्यावर. त्यात रिसायकलरचा नोंदणी नंबर, वस्तूचा प्रकार, वजन, तारीख आणि पिकअप पावतीचा नंबर आहे का ते बघा. नुसतं 'धन्यवाद, आपण पृथ्वी वाचवलीत' लिहिलेलं झाडांचं चित्र आलं तर ते सर्टिफिकेट नव्हे, परत मागा. वजन पावतीवरच्या वजनाशी जुळलं पाहिजे. आमचं जुळलं.

एकट्या घराच्या बारीक वस्तूंसाठी, म्हणजे नुसता मिक्सर किंवा चार्जर, ते येत नाहीत, किमान वजन लागतं, आणि ते बरोबरच आहे, एका इस्त्रीसाठी रबाळ्याहून टेम्पो यायचा म्हणजे डिझेल वाया. आमच्या सोसायटीने म्हणून गणपतीनंतरचा एक रविवार ठरवलाय, क्लब हाऊसच्या मागे टेबल लावणार, बारीक वस्तू एका ड्रममध्ये, ट्यूब आणि सीएफएल खोक्यात, बॅटऱ्या वेगळ्या डब्यात टोकांना चिकटपट्टी लावून, आणि फ्रीज-एसीवाल्यांनी फ्लॅट नंबर आधी कळवायचा. असं सामुदायिक पिकअप असेल तर मजल्याचे पैसे कापत नाहीत आणि सर्टिफिकेट सोसायटीच्या नावाने मिळतं, हे मी फोनवर विचारून मेसेजवर लेखी घेतलंय. तुमच्या सेक्रेटरींनाही आधी तेवढं लेखी घ्यायला सांगा.